लेखक गेल्यावर पुस्तक कोणाचे?

आजोबांची कादंबरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी छापली गेली, प्रकाशनसंस्था कधीच बंद पडली आणि आता नातवाला ती पुन्हा काढायची आहे. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाला कपाटातली जीर्ण पुस्तके स्कॅन करून वाचकांसाठी खुली करायची आहेत. एखाद्या हौशी नाट्यसंस्थेला जुन्या नाटकाचा प्रयोग करायचा आहे. तिन्ही ठिकाणी काम एकाच प्रश्नापाशी अडते: परवानगी कोणाची घ्यायची?

या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा ऐकीव असतात. कोणी म्हणते, लेखक वारले म्हणजे पुस्तक मोकळे. कोणी म्हणते, पन्नास वर्षे झाली की हक्क संपतात. कोणाच्या मते हक्क कायम प्रकाशकाकडेच असतात आणि कोणाच्या मते इंटरनेटवर पीडीएफ मिळते, त्याअर्थी चालते. या चारही उत्तरांवर विसंबून काम करू नये. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याची मुख्य कलमे समजून घेतली, तर बहुतेक जुन्या पुस्तकांचा प्रश्न घरबसल्या सुटतो. मात्र क्रम पाळायला हवा. आधी मुदत मोजायची, मग पुस्तकात आणखी कोणाचे काम आहे ते पाहायचे आणि मुदत शिल्लक असेल तरच मालकाचा शोध घ्यायचा.

आधी वर्ष मोजा

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत. मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे मुदत नेहमी ३१ डिसेंबरला संपते आणि महिना-तारीख माहीत नसली तरी मृत्यूचे वर्ष कळले की हिशेब होतो. वर्षात साठ मिळवा. येईल त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क आहे.

साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची मुदत ३१ डिसेंबर २०१० ला संपली. ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो, तो १ जानेवारी २०११ पासून. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कविता २०१७ च्या आरंभी मुक्त झाल्या. सावरकरांचा मृत्यू १९६६ चा, म्हणजे मुदत २०२६ अखेरपर्यंत. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यांची मुदत २०२९ अखेरपर्यंत. वि. स. खांडेकरांची २०३६ पर्यंत, पु. ल. देशपांड्यांची २०६० पर्यंत.

पन्नास वर्षांचा समजही निराधार नाही. कायद्यात पूर्वी तीच मुदत होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले आणि त्यांच्या साहित्यावरचे विश्वभारतीचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. त्या वेळी कायदा दुरुस्त करून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि ही दुरुस्ती २८ डिसेंबर १९९१ पासून लागू झाली. वाढ एकट्या टागोरांपुरती नव्हती. कवी भा. रा. तांबे त्याच वर्षी, डिसेंबर १९४१ मध्ये गेले होते. त्यांच्या कवितांनाही २००१ अखेरपर्यंत संरक्षण मिळाले. मात्र जे आधीच मुक्त झाले होते, ते पुन्हा बंधनात आले नाही. १९४० किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांची हयातीत छापलेली पुस्तके पन्नास वर्षांच्याच नियमाने मुक्त झाली आणि तशीच राहिली. हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत, बालकवी, माधव जूलियन, ज्ञानकोशकार केतकर हे सारे त्यात येतात.

मृत्यूचे वर्ष शोधायला संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश उपयोगी पडतात. पुस्तक पहिल्यांदा केव्हा छापले गेले, हे पाहायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. तिचे दोन खंड मिळून १८०० ते १९५० या काळातल्या पुस्तकांची नोंद देतात. कमी परिचित लेखकांसाठी त्यांच्या गावचे वाचनालय, त्यांची शाळा, नगरपालिकेची मृत्युनोंद किंवा त्या काळच्या नियतकालिकांतला मृत्युलेख हे मार्ग आहेत. सापडलेल्या पुराव्याची प्रत जपून ठेवा. पुढे कोणी हरकत घेतली, तर तीच कामाला येते.

जिथे हिशेब बदलतो

मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. त्या संग्रहातली गाणी म्हणून २०१२ अखेर मुक्त झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. ते डिसेंबर १९५६ मध्ये गेले. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे पुस्तक त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापले होते, म्हणून ते २०१६ अखेर मुक्त झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आले, त्याची मुदत २०१७ अखेर संपली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मात्र महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत चालते. लेखक एक, मृत्यूचे वर्ष एक आणि तरी मुदती तीन. म्हणून ‘अमुक लेखक मुक्त झाले’ असे सरसकट धरून चालू नका, पुस्तकागणिक तपासा. मासिकात किंवा दिवाळी अंकात आलेले लेखनही प्रसिद्ध झालेलेच असते. एखादी कथा लेखकाच्या हयातीत अंकात आली आणि संग्रहात मृत्यूनंतर समाविष्ट झाली, तर तिला नेहमीचाच नियम लागतो.

याचा परिणाम घरोघरच्या कागदांवरही होतो. पणजोबांची रोजनिशी किंवा पत्रे आजवर कधीच छापली नसतील, तर ती जुनी आहेत म्हणून मुक्त ठरत नाहीत. पत्रांच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या मालकीचा असतो, पण त्यातला मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. सार्वजनिक वाचनालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित हस्तलिखितांना कायद्याने सवलत दिली आहे. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून गेली असतील, तर अभ्यासासाठी किंवा प्रकाशनासाठी त्यांची नक्कल करता येते.

दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाची साठ वर्षे जो शेवटी वारला त्याच्यापासून धरतात. निनावी किंवा टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकाची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे असते. पण त्या मुदतीत टोपणनावामागची व्यक्ती उघड झाली असेल, तर नेहमीचा नियम येतो. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्यांची मुदत १९९९ या मृत्युवर्षावरून, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत ठरते. शासनाने स्वतःच्या कामासाठी लिहून घेतलेल्या ग्रंथांची मुदतही प्रकाशनापासून साठ वर्षांची असते.

एका पुस्तकात अनेकांचे हक्क

मूळ मजकूर मुक्त झाला तरी हातातली प्रत जशीच्या तशी छापता येईलच असे नाही. प्रस्तावना, टीपा, चित्रे, मुखपृष्ठ, अनुवाद हे प्रत्येक स्वतंत्र काम आहे आणि त्याची मुदत ते करणाऱ्याच्या आयुष्यावर ठरते. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठाची मुदत २०३१ अखेरपर्यंत आहे, मग आतला मजकूर कितीही जुना असो. असे चित्र प्रकाशकाने पैसे देऊन काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा हक्क प्रकाशकाकडे असू शकतो.

अनुवादाचे उदाहरण तर मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेले, म्हणून त्यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी भारतात १ जानेवारी २०२२ पासून मुक्त आहे. तुम्ही तिचा नवा मराठी अनुवाद करून छापू शकता. पण ‘एका कोळियाने’ हा पु. लं.चा अनुवाद त्यांचे स्वतःचे काम आहे आणि तो २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सर्वांच्या आहेत. एखाद्या आधुनिक विद्वानाने दिलेला गद्य अर्थ आणि टीपा त्या विद्वानाच्या आहेत.

प्रकाशक मुक्त मजकूर नव्याने जुळवतात, शुद्धलेखन सुधारतात आणि ‘सर्व हक्क राखीव’ असे छापतात. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात २००७ मध्ये सांगितले, की नुसत्या किरकोळ दुरुस्त्यांनी नवा कॉपीराइट जन्माला येत नाही. त्यात संपादकाचे कौशल्य आणि विवेक दिसावा लागतो. म्हणून सुरक्षित मार्ग हा, की लेखकाच्या हयातीतली आवृत्ती शोधावी, तिच्यावरून मजकूर घ्यावा, मुखपृष्ठ नवे करावे आणि नंतरच्या संपादकांची भर वगळावी.

मुदत शिल्लक असेल तर मालक कोण?

पुस्तकाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन नोकरी देणाऱ्याचे ठरते, पण वृत्तपत्रातल्या पगारी पत्रकाराच्या बाबतीत वृत्तपत्राचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता असतो. वेगळा करार नसेल, तर त्या लेखांचे पुस्तक काढण्याचा हक्क पत्रकाराकडे आणि पुढे त्याच्या वारसांकडे राहतो.

लेखकाने हयातीत हक्क दुसऱ्याला दिले असतील, तर ते लेखी आणि सहीनिशी दिलेले असले पाहिजेत. तोंडी व्यवहाराने मालकी बदलत नाही. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ ही शीर्षकपानामागची ओळ पाहून थांबू नका, करार मागा. जुन्या मराठी करारांत पुष्कळदा एका आवृत्तीपुरतीच परवानगी असते. ती आवृत्ती संपली की हक्क लेखकाकडे परत आलेले असतात. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता धरतो. त्याआधीच्या करारांना हे नियम लागत नाहीत. तिथे कराराचे शब्दच वाचावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. करार झाला तेव्हा जे माध्यम व्यवहारात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिले गेले असे मानत नाहीत.

करार नसेल किंवा संपला असेल, तर हक्क वारसांकडे जातात. कॉपीराइट ही जंगम मालमत्ता आहे. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर लेखकाला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे तिची वाटणी होते. हिंदू पुरुष लेखकाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना वेगळे कायदे लागू होतात आणि गोव्यात उत्तराधिकाराचा स्वतंत्र कायदा आहे. मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित दिले असेल आणि उलट काही लिहिले नसेल, तर त्याचा कॉपीराइटही त्यालाच दिला असे कायदा समजतो.

इथेच सर्वाधिक गफलत होते. थोरल्या मुलाची सही घेतली की काम झाले, असे प्रकाशक धरून चालतात. सहमालकांपैकी एकाला इतरांच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. तेव्हा सर्व वारसांची नावे लिहून काढा आणि सर्वांची लेखी संमती घ्या. सोयीसाठी वारसांनी एकाला मुखत्यारपत्र द्यावे, म्हणजे प्रत्येक आवृत्तीला सह्या गोळा करण्याची वेळ येत नाही. वारसांबद्दल वाद असेल, तर न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र मागावे. परवानगीच्या पत्रात पुस्तकाचे नाव, कोणते हक्क (छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, नाट्यप्रयोग), किती वर्षे, कोणता प्रदेश आणि मानधन किती टक्के, हे सगळे यायला हवे.

दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात पुस्तकाची नोंदणी असेल, तर तो मालकीचा प्राथमिक पुरावा ठरतो. नोंदणी नसली तरी हक्क जात नाही. ती ऐच्छिक आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

मालक सापडतच नाही

प्रकाशनसंस्था बंद, वारसांचा पत्ता नाही, मुदत मात्र वीस वर्षे शिल्लक. अशा पुस्तकांसाठी कायद्यात कलम ३१-क आहे. तुम्ही काय प्रसिद्ध करू इच्छिता, याची जाहीर सूचना देशाच्या बहुतांश भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात द्यायची. अनुवाद करायचा असेल, तर त्या भाषेतल्या दैनिकातही द्यायची. त्यानंतर वाणिज्य न्यायालयाकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. न्यायालय मानधन ठरवून देते आणि ते जमा केल्यावर पुस्तक काढता येते. वाट लांबची आणि खर्चाची आहे, म्हणून आधी वाचनालये, साहित्य संस्था, लेखकाचे गाव आणि शेवटच्या आवृत्तीचा मुद्रक यांच्याकडे नीट चौकशी करा. पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि टपालाच्या पावत्या फाइलला लावा. एक मात्र पक्के: मालक सापडला नाही, म्हणून पुस्तक आपोआप मुक्त होत नाही.

परवानगीशिवाय काय चालते

संरक्षित पुस्तकातूनही परीक्षणासाठी किंवा समीक्षेसाठी वाजवी उतारे देता येतात. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात नक्कल करता येते. ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत ठेवू शकते. दृष्टिहीन वाचकांसाठी ब्रेल किंवा श्राव्य प्रत ना-नफा तत्त्वावर तयार करायलाही मुभा आहे. वाचनालयांनी या सवलतींचा मनापासून लाभ घ्यावा.

मात्र संरक्षित पुस्तकाची पूर्ण पीडीएफ संकेतस्थळावर टाकणे किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवणे यात बसत नाही. पैसे न घेतल्याने ते कायदेशीर होत नाही. आंतरजालावरच्या मोठ्या संग्रहांत हक्क शिल्लक असलेली पुष्कळ मराठी पुस्तकेही स्कॅन होऊन पडलेली आहेत. ती तिथे आहेत, याचा अर्थ ती मुक्त आहेत असा होत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

मुक्त पुस्तक छापताना

मुक्त पुस्तकासाठी कोणाची परवानगी नको आणि मानधनही द्यावे लागत नाही. तरी लेखकाचे नाव आणि त्याच्या शब्दांची अखंडता यांचा मान ठेवलाच पाहिजे. लेखकाचे नाव गाळले किंवा त्याच्या कीर्तीला बाधा येईल असा मजकूर बदलला, तर त्याचे कायदेशीर प्रतिनिधी दाद मागू शकतात. पुस्तक संक्षिप्त केले असेल, तर मुखपृष्ठावर ठळक तसे लिहा. कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला आणि शुद्धलेखन कितपत बदलले, हे प्रस्तावनेत सांगा. ‘श्यामची आई’ वाचणाऱ्या मुलाच्या हाती साने गुरुजींचेच शब्द पडले पाहिजेत, ही जबाबदारी छापणाऱ्याची आहे.

परदेशातल्या मराठी मंडळांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इथे सांगितलेल्या मुदती भारतातल्या आहेत. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे असते आणि १ जानेवारी १९९६ ला भारतात संरक्षित असलेली पुस्तकेही तिच्या कक्षेत येतात. त्यामुळे भारतात मुक्त झालेले १९३० किंवा १९४० च्या दशकातले पुस्तक तिथे अजून संरक्षित असू शकते.

लेखकांना आणि वारसांना विनंती

किती तरी चांगली मराठी पुस्तके आज मिळत नाहीत. कारण विचारले तर कोणाची मनाई नसते. विचारायचे कोणाला, हेच कळत नसते. हे टाळणे आपल्या हाती आहे. लेखकहो, मृत्युपत्रात पुस्तकांचा वेगळा उल्लेख करा आणि हक्क शक्यतो एकाच व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे ठेवा. सर्व हक्क समाजाला द्यायचे असतील, तर कायद्याने त्याचीही सोय केली आहे: कॉपीराइट निबंधकांना सूचना देऊन किंवा जाहीर सूचना काढून हक्क सोडता येतात. वारसांनो, घरातले करार, हस्तलिखिते आणि पहिल्या आवृत्त्या एकत्र करा. पुस्तकांची यादी, प्रत्येकाचे प्रकाशन-वर्ष, हक्कधारकांची नावे आणि संपर्काचा पत्ता एका कागदावर लिहा आणि त्याची प्रत जवळच्या वाचनालयात व साहित्य संस्थेत देऊन ठेवा. कोणी परवानगी मागितली, तर उत्तर द्या. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या. साठ वर्षे हा मोठा काळ आहे. तेवढ्या काळात वाचकांची एक पिढी पुस्तकाशिवाय जाऊ नये, याची काळजी हक्क सांभाळणाऱ्यांनीच घ्यायची आहे.